ईएफ साठ, म्हणून हार्ट फेल्युअर नाही? आत्याला आलेल्या फॉरवर्डचा पंचनामा

कराडमध्ये माझं मेडिकल आहे. बी. फार्म. झालेय, डॉक्टर नाही, आणि डॉक्टर असल्याचा आव आणणार नाही. पण एकोणीस वर्षं काउंटरच्या अलीकडे उभी आहे, त्यामुळे कुठली गोळी कशाबरोबर चालत नाही एवढं कळतं. हा फॉरवर्ड गेल्या दोन महिन्यांत माझ्या फोनवर चार ग्रुपांवरून आला. चारही वेळा सोडून दिला. प्रत्येक मूर्खपणाला उत्तर द्यायचं म्हटलं तर दुकान कधी उघडायचं? मग तो आत्याने वाचला आणि मन लावून पाळला. दहाव्या रात्री दोन वाजता तिला गाडीत घालून न्यावं लागलं.

फॉरवर्ड न मिळालेले भाग्यवान कुणी असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. वर लिहिलंय, "एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञाने निवृत्तीनंतर सांगितलेलं सत्य". तज्ज्ञाला नाव नाही, गाव नाही. खाली सहा मुद्दे. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त फेकतं तो आकडा) ५५ च्या वर असेल तर हार्ट फेल्युअर (हृदय बंद पडणं नव्हे, अंगाला पुरेल एवढं रक्त पुढे न जाणं) असूच शकत नाही, डॉक्टर घाबरवतात. अँजिओग्राफीत ब्लॉक नसेल तर हृदय ठणठणीत आहे, पाय सुजतात ते वातामुळे. लघवीच्या गोळ्या किडनी खातात, त्या बंद करून रोज चार लिटर कोमट पाणी प्या, नवं पाणी आलं की शरीर जुनं सोडून देतं. पांढरं मीठ विष आहे, त्याऐवजी लो सोडियम मीठ हवं तेवढं खा आणि रोज एक शहाळं प्या, हे चीनमध्ये सिद्ध झालंय. शुगर नसताना हृदयाच्या पेशंटला शुगरची गोळी देतात ती लूट आहे. आणि शेवटी तो अजरामर काढा: लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर, मध. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

आत्याला तो पाठवला तिच्याच मुलाने. दादा चांगला माणूस आहे, आईच्या काळजीपोटीच पाठवला. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर भाऊबीजेला तोंड दाखवायची पंचाईत.

आत्या ७१ वर्षांची. उंची १५० सेंटिमीटर, वजन ७२ किलो. बीपीच्या दोन गोळ्या, तीन वर्षांपासून नाडी अनियमित, त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तिला धाप लागायला लागली, मग जिना चढताना, मग नुसतं वाकून चपला घालताना. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी इको केला, ईएफ आला ६०, आणि तरी फाइलवर लिहिलं हार्ट फेल्युअर. तिथूनच दादाच्या मनात किडा वळवळायला लागला होता. फॉरवर्डने त्याला फक्त शब्द पुरवले.

तर पहिला मुद्दा. "ईएफ ५५ च्या वर म्हणजे हार्ट फेल्युअर नाही."

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो आकडा. शंभर टक्के कुणाचाच नसतो. निरोगी माणसाचा साधारण ५५ ते ७०. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक रिपोर्ट घेऊन पडल्या चेहऱ्याने येतं, "ताई, हार्ट साठ टक्केच चालतंय म्हणे." त्यांना समजवावं लागतं की साठ म्हणजे बारावीचे मार्क नव्हेत. आता हा फॉरवर्ड त्याच आकड्याचं दुसरं टोक पकडून बसलाय: साठ आहे ना, मग घाला गोळ्या गटारात.

टक्का कशाचा, हे कुणी विचारतच नाही. आत्याला मी हे मोटेवरून सांगितलं, कारण तिने लहानपणी वडिलांच्या मागे मोट हाकलेली आहे. चामडं वाळून कडक झालं की मोट विहिरीत बुडते, पण फुगत नाही. भरतेच कमी. थारोळ्यात ओतताना मात्र बिचारी इमानदारीने ओतते. हृदयाचा हिशोब तोच. निरोगी कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि ७२ बाहेर गेलं, तर ईएफ ६०. कडक झालेल्या कप्प्यात ८० च मावलं आणि ४८ बाहेर गेलं, तरी ईएफ ६० च. टक्क्यात काडीचा फरक नाही आणि ठोक्यागणिक रक्त एक तृतीयांशाने कमी. जे रक्त कप्प्यात शिरू शकलं नाही ते मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून धाप. आत्या कागदावरचे आकडे बघून म्हणाली, "म्हंजे मोट फाटलेली न्हाई, वाळलीया." निवृत्त तज्ज्ञांना जे कळलं नाही ते चौथी शिकलेल्या बाईला अर्ध्या मिनिटात कळलं.

या प्रकाराला, म्हणजे ईएफ शाबूत असलेल्या हार्ट फेल्युअरला, डॉक्टर मंडळी हेफपेफ म्हणतात. आपल्याकडे तो कमी दिसतो, हेही खरं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या ५३ हॉस्पिटलांमधल्या १०,८५१ पेशंटांची जी राष्ट्रीय नोंद झाली, तिच्यात हार्ट फेल्युअरच्या शंभर पेशंटांमागे या प्रकारचे तेरा होते. युरोप-अमेरिकेत हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. आपल्याकडचे तेरा खरोखर तेराच की इको नॉर्मल आला म्हणून बरेच जण "वय झालं, वजन कमी करा" ऐकून घरी परततात, ही शंका मला आहेच. जाड बाई, पन्नाशी-साठी ओलांडलेली, बीपी जुनं. तिची धाप कोण मनावर घेतो?

आणि डॉक्टरांनी आत्याला हे नाव उगाच चिकटवलेलं नाही. यासाठी २०१८ पासून एक नऊ गुणांचा तक्ता वापरात आहे. नाडीचा तो अनियमितपणा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, त्याला तीन गुण. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय ३० च्या वर (आत्याचा ३२), दोन. बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या, एक. साठीच्या पुढचं वय, एक. उरलेले दोन गुण इकोतल्या दाबांचे. आत्याचे इकोतले दाब धरलेसुद्धा नाहीत तरी सात होतात. सहा किंवा जास्त गुण असले तर धाप हृदयाचीच असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. रक्ताची एक तपासणीही असते, एनटी-प्रोबीएनपी नावाची, हृदयावर ताण आला की तिचा आकडा वाढतो, पण वजन जास्त असलेल्यांमध्ये ती फसवी कमी येऊ शकते, म्हणून तेवढ्या एका कागदावर निर्धास्त होता येत नाही. ईएफच्या एका आकड्यावर तर मुळीच नाही.

दुसरा मुद्दा, "अँजिओग्राफी नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल". अँजिओग्राफी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बघते. मोटारीची पेट्रोलची नळी साफ आहे म्हणून इंजिन चांगलं, असं आमच्या गल्लीतला गॅरेजवालाही म्हणणार नाही. नळ्या स्वच्छ असूनही हृदय थकण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यातली काही वेळेत सापडली तर चांगली सुधारणारी आहेत, म्हणून तर या वाक्याचा राग येतो. क्षयरोगामुळे हृदयाभोवतीचं आवरण जाड होऊन कवचासारखं आवळतं. ईएफ नॉर्मल, पोटात पाणी, पाय सुजलेले, आणि पेशंट महिनोन्‌महिने लिव्हरच्या गोळ्या खातोय. आपल्या देशात हे विसरून चालणारच नाही. वेळेत कळलं तर ते आवरण ऑपरेशन करून काढता येतं. बाळंतपणाच्या आसपास काही बायकांचं हृदय अचानक कमजोर होतं. तिथे तर ईएफही खाली जातो, पण घरात सगळे म्हणत असतात, बाळंतीण आहे, दमणारच. आडवं झालं की गुदमरतंय म्हणणारी बाळंतीण "दमलेली" नसते, तिचा इको त्याच दिवशी व्हायला हवा. थायरॉइड फार वाढलं, रक्त फार कमी झालं, दारूपायी बी-१ जीवनसत्त्व संपलं, तरी हृदय दुप्पट धावून धावून थकतं.

आणि एक विचित्र प्रकार, अ‍ॅमिलॉइडचा. यकृतात तयार होणारं एक प्रथिन बिघडून हृदयाच्या भिंतीत साठत जातं. भिंत इकोमध्ये जाड दिसते आणि ईसीजीतल्या रेघा मात्र बारक्या, असा उलटा मेळ. त्याच्या कितीतरी वर्षं आधी अनेकदा दोन्ही मनगटांत नस दबून हातांना मुंग्या आलेल्या असतात आणि त्याचं, म्हणजे कार्पल टनेलचं, ऑपरेशन झालेलं असतं. हाताचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, आणि मधली तार कुणी जोडत नाही. घरात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या दोन्ही मनगटांचं असं ऑपरेशन झालेलं असेल आणि आता धाप लागत असेल, तर ते ऑपरेशन हृदयाच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यासाठी वेगळा स्कॅन असतो, आणि २०१९ पासून औषधही आहे, भयंकर महाग आहे, पण आहे.

वात म्हणे.

आता तिसरा आणि चौथा मुद्दा. हे दोन्ही एकत्रच घेते, कारण आत्याला दोघांनी मिळून पाडलं.

आत्याच्या गोळ्यांत दोन गोळ्या पाणी काढणाऱ्या होत्या. एक फ्युरोसेमाइड, पांढरी, सकाळची, घेतली की तासाभरात दोनदा उठायला लावणारी. दुसरी स्पायरोनोलॅक्टोन, सौम्य, पटकन काही जाणवू न देणारी. आत्याच्या लेखी "लघवीची गोळी" म्हणजे फक्त पहिली. दुसरी बीपीच्या डबीत असायची. ती तिथे का? तर मागे एकदा तिने काउंटरवर विचारलं होतं, "ही कसली गं?" शनिवारचा बाजार होता, दहा माणसं मागे उभी, आणि मी म्हणाले, "बीपीची समज." हा माझा गाढवपणा. फॉरवर्डवाल्यांना बोलताना तो लपवणार नाही.

तर सोमवारी आत्याने फ्युरोसेमाइड बंद केली, स्पायरोनोलॅक्टोन चालू ठेवली. तांब्याच्या हंड्यात चार लिटर पाणी मोजून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते संपवायचा नेम धरला, उपासतापासाच्या निष्ठेने. घरातलं मीठ बदललं, लो सोडियमचं पाकीट आलं. दारावर शहाळेवाला लावला. वजनकाटा रंगकामात पलंगाखाली गेला होता, तो तिथेच. चौथ्या दिवशी पाय जड. सहाव्या दिवशी झोपायला दोन उशा. आठव्या दिवसापासून ती आरामखुर्चीत बसून झोपायला लागली आणि सुनेला सांगितलं, "उकडतंय म्हणून." दहाव्या रात्री मला फोन आला. मी पोचले तेव्हा ती खिडकीचे गज धरून बसली होती, घामाने पातळ भिजलेलं, आणि एवढंच म्हणाली, "छातीवर कुणी ओली गोधडी टाकलीया बघ."

दवाखान्यात वजन भरलं ७७. म्हणजे पाच किलो, म्हणजे पाच लिटर. ऑक्सिजन ८६. आणि ज्या रिपोर्टने ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नर्सला हाक मारली तो वेगळाच होता: पोटॅशियम ६.४. नॉर्मल साडेतीन ते पाच. सहाच्या वर हृदयाच्या विजेचा ताल बिघडू शकतो, माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजमधून इन्सुलिन, नेब्युलायझर, आणि हो, शिरेतून तीच फ्युरोसेमाइड, जी किडनी खाते म्हणून बंद केली होती.

"नवं पाणी आलं की शरीर जुनं सोडतं." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा भेटायचंय. सुदृढ माणसात जादा पाणी किडनी काही तासांत बाहेर काढते, कबूल. पण हार्ट फेल्युअरमध्ये हृदयातून पुढे जाणारा प्रवाह कमी पडतो, किडनीला वाटतं अंगात पाणी कमी आहे, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवायच्या मागे लागते. हा चुकीचा निरोप गेलेला असतो, आणि तो चार लिटर कोमट पाण्याने खोडला जात नाही. तुंबलेल्या मोरीत आणखी चार बादल्या ओतल्यावर मोरी मोकळी होते का? फ्युरोसेमाइड किडनीला मीठ परत शोषू देत नाही, मीठ बाहेर पडतं आणि त्याच्यामागून पाणी जातं. एवढंच तिचं काम.

"किडनी खातात" यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. या गोळ्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, वाढू शकतं. पाणी गरजेपेक्षा जास्त निघालं तर चक्कर येते, बीपी पडतं, आणि कडक हृदयात तर ही मोकळीक फारच थोडी असते. जरा जास्त झालं की फुप्फुसात पाणी, जरा कमी झालं की डोळ्यांपुढे अंधारी. जुलाब-उलट्या लागल्या, मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं, तर डोस बदलावा लागतो, आणि तो बदलायला डॉक्टरांना फोन करायचा असतो. पण उलट बाजूही बघा. अंगात पाणी तुंबलं की शिरांमधला दाब वाढून किडनीचाच श्वास कोंडतो. आत्याचं क्रिएटिनिन दाखल होताना १.६ होतं. पाच लिटर पाणी काढल्यावर, म्हणजे फॉरवर्डच्या हिशोबाने किडनी पूर्ण खाऊन झाल्यावर, ते १.१ झालं.

पाण्याच्या मर्यादेबद्दलही एक कबुली. "दिवसाला दीड लिटरच" हा नियम आपण जितका कडक मानत होतो तितका तो पक्का नाही. नेदरलँड्समध्ये ५०४ स्थिर पेशंटांवर झालेल्या अभ्यासात, २०२५ मध्ये तो छापून आला, दीड लिटरचं बंधन पाळणाऱ्यांना आणि तहानेप्रमाणे पिणाऱ्यांना फारसा वेगळा अनुभव आला नाही. बंधनवाल्यांना तहानेचा त्रास तेवढा जास्त. म्हणजे तहान लागली तर पाणी प्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पण ते लोक स्थिर होते आणि गोळ्या घेत होते. गोळ्या गटारात घालून, तहान नसताना, हंडा संपवणारे नव्हते.

आता मीठ. यातली गंमत अशी की फॉरवर्डमधला चीनचा दाखला खरा आहे! म्हणूनच तो जास्त घातक. २०२१ मध्ये आलेला हा अभ्यास मोठा आणि चांगला आहे: चीनमधली ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं, अर्ध्या गावांना नेहमीचं मीठ, अर्ध्या गावांना लो सोडियम मीठ, म्हणजे ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. पाच वर्षांत पोटॅशियमवाल्या गावांत पक्षाघात कमी झाले, मृत्यूही कमी झाले. टाळ्या. पण त्या अभ्यासात कुणाला घेतलंच नव्हतं, हे फॉरवर्डने खाल्लं. ज्यांच्या किडनीला गंभीर आजार आहे किंवा जे पोटॅशियम वाचवणाऱ्या पाण्याच्या गोळ्या घेतात, त्यांना बाहेर ठेवलं होतं. स्पायरोनोलॅक्टोन ही नेमकी तसली गोळी. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरायला सांगितलं ते किडनी बिघडलेल्यांना आणि पोटॅशियम बाहेर पडायला अडचण असलेल्यांना वगळूनच.

स्पायरोनोलॅक्टोनची गोष्ट तर या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. १९९९ मध्ये रेल्स नावाचा अभ्यास आला. गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये या स्वस्तातल्या गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. जगभर डॉक्टरांनी ती धडाधड लिहायला सुरुवात केली. मग २००४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने हिशोब मांडला. हार्ट फेल्युअरच्या वयस्कर पेशंटांमध्ये पोटॅशियम वाढून दवाखान्यात येण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. त्यापायी होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. गोळी तीच, चांगलीच. कुणाला, किती आणि रक्त तपासून की न तपासता, एवढाच फरक. आणि ही सगळी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं होती.

आत्याचा हिशोब मी नंतर दुकानात बसून केला. तिच्या पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड किती टक्के ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं. पंचवीस टक्के धरा, दिवसाला पाच ग्रॅम मीठ धरा, तर साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास जादा पोटॅशियम. एका शहाळ्यात साधारण तेवढंच आणखी. पोटॅशियम बाहेर घालवणारी फ्युरोसेमाइड बंद. पोटॅशियम आत राखणारी स्पायरोनोलॅक्टोन चालू. विष द्यायचं ठरवून कुणी बसला असता तरी इतकं नीटनेटकं जमलं नसतं.

सैंधव चालतं का, हेही लोक विचारतात. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, रंग वेगळा. शेंदेलोण म्हटलं म्हणून सोडियम कमी होत नाही, वर आयोडीन मात्र बहुधा नसतं. आणि "अळणी खा" हा सल्लाही टोकाला नेऊ नका. २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सहा देशांतल्या ८०६ पेशंटांपैकी निम्म्यांना दिवसाला दीड ग्रॅमच्या आत सोडियमवर ठेवून पाहिलं, मृत्यू किंवा दवाखान्याच्या फेऱ्या काही लक्षणीय कमी झाल्या नाहीत. त्यामुळे आत्याच्या आमटीत मीठ आहे. पापड, लोणचं, खारातल्या मिरच्या, फरसाण, ताटातलं वरचं मीठ, हे गेलं. लोणच्यासाठी ती अजून भांडते.

पाचवा मुद्दा, शुगरची गोळी. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरसाठीच आली हे खरं. पण ईएफ बरा असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये वर्षानुवर्षं एकामागून एक औषधं आपटत असताना पहिलं ठाम यश यांनीच दिलं. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०२१ च्या अभ्यासात ५,९८८ पेशंट होते, सगळ्यांचा ईएफ चाळीसच्या वर, निम्म्या लोकांना शुगर नव्हतीच. हृदयामुळे मृत्यू किंवा फेल्युअरमुळे भरती, हे औषध घेणाऱ्यांत १३.८ टक्के आणि नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांत १७.१ टक्के. चमत्कार नाही, पण तुमच्या आईच्या बाबतीत असेल तर हा फरक लहान वाटणार नाही. लूट? महाग होती तेव्हा मीही कुरकुरले असते. डॅपाचं आपल्याकडचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाचं मार्च २०२५ मध्ये, आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी आता दहा-बारा रुपयांतही मिळते. हिच्यामुळे खाली खाज, बुरशीचा त्रास होऊ शकतो. बायका लाजून सांगत नाहीत आणि गोळीच बंद करतात. सांगा, आम्ही ऐकायलाच बसलोय, उपाय साधा असतो. कडक उपास आणि ऑपरेशनच्या आधी ती थांबवायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

काढ्याबद्दल काय बोलायचं. आल्या-लसणाने तोंडाला चव येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना वाटीभर लसणाचा रस रोज पिऊ नका, एवढंच. त्याने नळ्या साफ होत नाहीत, आणि झाल्या असत्या तरी आत्याच्या नळ्या तुंबलेल्याच नव्हत्या, दुखणं भिंतीचं होतं. पण एक मौज सांगते. वरच्या पाचव्या मुद्द्यातल्या गोळ्यांचं मूळ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या फ्लोरिझिन नावाच्या पदार्थात आहे. म्हणजे ज्या गोळीला फॉरवर्ड लूट म्हणतो तिचं घराणं सफरचंदाचंच, आणि ज्या व्हिनेगरला अमृत म्हणतो त्याचा इथे काही संबंध नाही. नेम एक मुद्दा वर लागला असता तर!

आत्या सहाव्या दिवशी घरी आली. वजनकाटा आता मोरीच्या दाराशी आहे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, ती त्यावर उभी राहते आणि आकडा कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. तीन दिवसांत दोन किलो वाढले की मला किंवा डॉक्टरांना फोन, असं ठरलंय. पहिल्या आठवड्यात तिने ७१.८ च्या जागी दुधाचे दीड लिटर लिहिले आणि मला दुपारी घाम फुटला, ती गोष्ट वेगळी. डब्या नव्याने लावल्या, प्रत्येकीवर मी स्केच पेनने लिहिलं, आणि स्पायरोनोलॅक्टोनच्या डबीवर "बीपीची नाही" असं ठळक. ती गोळी डॉक्टरांनी आता निम्म्या डोसवर सुरू केलीय, आठवड्याने पोटॅशियम तपासून.

परवा गेले तर आत्याने फडताळातून ते मिठाचं पाकीट काढलं. पाव भागच संपलेला. "एवढं महागाचं, फेकू का गं?" मी म्हटलं, फेकू नको, दादाला दे, त्याला शुगर नाही, किडनी चांगली आहे, नुसतं बीपी आहे, अशांच्याच कामाचं आहे ते. आत्याने पिशवीत बांधूनही ठेवलं. स्कूटर चालू करताना आठवलं की दादाची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, माझ्याच दुकानातून जाते, आणि तीही पोटॅशियम वाढवते. परत वर गेले आणि पिशवी काढून घेतली. आधी त्याचं रक्त तपासू, मग बघू.